कोंबडीचा खून, कुत्र्याचा तपास : लहान मुलांच्या रहस्यकथा कुत्रा सांगतो तेव्हा काय होतं?

मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी आत्मवृत्त लिहिलेलं असतं. फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं, म्हाताऱ्या बैलाचं, नाहीतर रस्त्यावरच्या कुत्र्याचं. नियम ठरलेला, ज्याचं आत्मवृत्त त्याने रडायचं. पुस्तकाची पानं फाटलेली, किल्ल्याचे बुरूज ढासळलेले, कुत्रा असेल तर दगड खाल्लेला आणि दोन दिवसांचा उपाशी. शेवटी माणसांना चार गोष्टी सुनवल्या की मार्क पक्के.

आता समजा, यातला कुत्रा रडायचं सोडून फुशारक्या मारायला लागला तर? तो सांगतोय की मी इथला सुरक्षाप्रमुख आहे, काल रात्री माझ्या हद्दीत खून झालाय आणि तपासाची सूत्रं मी हातात घेतली आहेत. खून कुणाचा, तर एका कोंबडीचा. आणि गोष्ट पुढे सरकते तसं वाचणाऱ्या पोराच्या लक्षात येतं की या साहेबांना झाल्या प्रकारातलं ओ की ठो कळलेलं नाही.

अमेरिकेत ही कल्पना एका माणसाने १९८३ मध्ये पुस्तकात आणली, स्वतःच छापली आणि पिकअप गाडीत टाकून विकली. पुढे या मालिकेची ७५ हून जास्त पुस्तकं आली आणि ९० लाखांहून जास्त प्रती खपल्या. कुत्र्याचं नाव हँक, मालिकेचं नाव 'हँक द काऊडॉग'.

गुराख्याने लिहिलेला कुत्रा

हँकचे लेखक जॉन आर. एरिक्सन. जन्म १९४३ चा, टेक्सासमधल्या मिडलंडचा, पण वाढले पेरीटन नावाच्या छोट्या गावात. टेक्सासचा नकाशा पाहिला तर वरच्या बाजूला एक चौकोनी तुकडा बाहेर आलेला दिसतो. तव्याच्या दांड्यासारखा दिसतो म्हणून त्याला पॅनहँडल म्हणतात. पेरीटन या दांड्याच्या पार वरच्या टोकाला, ओक्लाहोमाच्या सीमेजवळ. सपाट माळरान, गवत, वारा आणि गुरं. एवढंच.

एरिक्सन ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकले, नंतर हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखेत, दोन वर्षं होते. एवढं शिकून हा माणूस परत माळरानावर आला आणि राँचवर गुराख्याचं काम करू लागला. राँच म्हणजे हजारो एकरांवर पसरलेला गुरं पाळायचा मळा. घोड्यावर बसून गुरं वळायची, कुंपणं दुरुस्त करायची, हिवाळ्यात बर्फ पडला की चारा टाकायला जायचं. हे सगळं सांभाळून लिहायचं आणि प्रकाशकांकडून साभार परत आलेलं बाड पुन्हा टपालात टाकायचं.

शेवटी १९८२ मध्ये त्यांनी २ हजार डॉलर उसने घेतले आणि 'मॅव्हरिक बुक्स' नावाची स्वतःची प्रकाशन संस्था काढली. ऑफिस म्हणजे घराचं गॅरेज. मॅव्हरिक हा शब्दही टेक्सासचाच. तिकडे प्रत्येक जनावराच्या अंगावर मालकाचा डाग दिलेला असतो. सॅम्युएल मॅव्हरिक नावाच्या जमीनदाराची वासरं डाग न देताच फिरायची, त्यावरून कुणाच्याच दावणीला नसलेल्या वासराला मॅव्हरिक म्हणू लागले. दारोदार नाकारल्या गेलेल्या लेखकाने प्रकाशनाला हेच नाव द्यावं, यातली मजा त्याच्या गिऱ्हाइकांना सांगावी लागली नसेल.

गिऱ्हाईक होतं गुरं पाळणारं. हँक सर्वात आधी आला तो 'द कॅटलमन' या पशुपालकांच्या मासिकातल्या एका गोष्टीत, आणि ती मोठ्या माणसांसाठी होती. एरिक्सन राँचवाल्यांच्या मेळाव्यांत, गुरांच्या लिलावात, रोडिओत आपल्या गोष्टी वाचून दाखवायचे आणि पुस्तकं विकायचे. त्यातल्या इतर पात्रांपेक्षा लोक या बढाईखोर कुत्र्याबद्दलच जास्त विचारायला लागले. म्हणून १९८३ मध्ये हँकचं स्वतंत्र पुस्तक आलं. ते पुस्तक घरी गेलं आणि पोरांनी पळवलं. बालसाहित्य लिहायचं म्हणून बसलेल्या माणसाने हे लिहिलेलं नाही, हे वाचताना सारखं जाणवतं. यातला विनोद मुलांसाठी खाली वाकून बोलत नाही.

सुरक्षाप्रमुख, हेड ऑफ रँच सिक्युरिटी

हँक स्वतःची ओळख 'हेड ऑफ रँच सिक्युरिटी' अशी करून देतो. हे पद त्याला कुणी दिलेलं नाही, पण तो विषय वेगळा. ऑफिस म्हणजे पेट्रोलच्या टाक्यांखालची जागा आणि तिथला गोणपाटाचा तुकडा. हाताखाली एकच कर्मचारी, ड्रोव्हर. आखूड शेपटीचा, पांढरा, भित्रा कुत्रा. कामगिरी आली रे आली की ड्रोव्हरचा पाय दुखायला लागतो. आपल्याकडे बंदोबस्ताची ड्युटी लागल्यावर ज्यांची कंबर धरते, त्यांनी ड्रोव्हर ओळखीचा वाटून घ्यायला हरकत नाही.

शत्रुपक्षात पीट नावाचं मांजर आहे. ते कधीच आवाज चढवत नाही. फक्त शांतपणे असं काहीतरी बोलतं की हँक चवताळतो, धावून जातो आणि मार खातो, तो मालकिणीचा. मालकीण सॅली मे हिला हँक आवडत नाही, कारण त्याच्या अंगाला वास येतो. वास येतो, कारण सेप्टिक टँक भरून वाहतं तिथे साचलेल्या हिरव्या डबक्यात हँक रोज डुंबतो. त्या डबक्याला तो 'एमराल्ड पाँड' म्हणतो, म्हणजे पाचूचं तळं.

या डबक्यात मालिकेची सगळी युक्ती आली. हँक खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच ते पाचूचं तळं वाटतं. तो जे पाहतो ते प्रामाणिकपणे सांगतो, पण त्याने लावलेला अर्थ चुकतो, आणि त्याने सांगितलेल्या तपशिलांवरूनच वाचणाऱ्या मुलाला खरा अर्थ कळतो. माणूस ओरडतो एक, हँक समजतो दुसरंच. हँकच्या मते शत्रू पळून गेलेला असतो, प्रत्यक्षात टपालाची गाडी आपल्या वाटेने पुढे गेलेली असते.

पहिल्या पुस्तकात मात्र प्रकरण हसण्यावारी जात नाही. राँचवर कोंबडी मारली जाते. हँक तपास सुरू करतो, आणि संशयाची सुई फिरत फिरत त्याच्यावरच येऊन थांबते. आता गंमत बघा. हँकची भाषा ड्रोव्हरला कळते, मांजराला कळते, कोंबड्यांना कळते. फक्त ज्यांनी निवाडा करायचा त्या माणसांना त्यातलं अक्षर कळत नाही. त्यांना नुसतं भुंकणं ऐकू येतं. हँक बाजू मांडू शकत नाही. रागावून तो राँच सोडतो आणि कोयोटींच्या टोळीत जातो. कोयोटी म्हणजे लांडग्या-कोल्ह्यांच्या भावकीतलं तिकडचं जनावर, राँचचा जन्मजात वैरी. पोलिसानेच टोळी जॉइन केल्यासारखं झालं. आणि मग ती टोळी एक दिवस त्याच्याच जुन्या घरावर धाड घालायला निघते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. फुलदाणी फुटली, दोघं भावंडं समोर उभी आहेत आणि मोठ्या माणसांनी आधीच ठरवलंय की कुणी फोडली. बोलायला जावं तर 'उलट बोलू नकोस'. कुत्रा सांगत असलेली रहस्यकथा लहान मुलांना इतकी जवळची का वाटते, याचं उत्तर गोंडस प्राणी आवडतात एवढ्यावर संपत नाही. ज्याला माहीत आहे त्याचं कुणी ऐकत नाही, हे दुखणं कुत्र्याचं आणि मुलाचं सारखंच आहे.

वॉटसनला चार पाय फुटले

आता थोडं तांत्रिक. रहस्यकथेत गोष्ट कोण सांगतं याला फार महत्त्व असतं. शेरलॉक होम्सने स्वतःच सगळं सांगितलं असतं तर पहिल्या पानावरच गुन्हेगार कळला असता. म्हणून डॉ. वॉटसन लागतो. तो सगळं पाहतो, पण जोडू शकत नाही.

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने रहस्यकथांसाठी दहा नियम लिहिले. नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरूही होते, त्यामुळे दहा आज्ञांची हौस असणं साहजिक आहे. त्यातला नववा नियम वॉटसनबद्दलचा आहे. गुप्तहेराच्या या मित्राने मनात आलेला एकही विचार वाचकापासून लपवायचा नाही, आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित कमी असावी.

हा नियम वाचून कुत्र्याशिवाय दुसरं कोण डोळ्यांसमोर येतं? कुत्रा काही लपवत नाही. भूक लागली की सांगतो, घाबरला की सांगतो, तपासाच्या ऐन मध्यात खारीमागे धावला तर तेही सांगतो. शिवाय तो टेबलाखाली बसलेला असतो, दाराशी झोपलेला असतो, गाडीत मागच्या सीटवर असतो. त्याच्यासमोर कुणी बोलणं थांबवत नाही. साक्षीदार म्हणून याच्याइतका सोयीचा प्राणी नाही.

आर्थर कॉनन डॉयल यांना हे १८९२ मध्येच कळलं होतं. त्यांच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून गायब होतो आणि होम्स एका साध्या गोष्टीवर बोट ठेवतो. त्या रात्री तबेल्यातला कुत्रा भुंकलाच नाही. म्हणजे घोडा नेणारा माणूस त्याच्या ओळखीचा होता. कुत्र्याने सगळं पाहिलं होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सशावर आरोप, कुत्र्याची साक्ष

हँकच्या चार वर्षं आधी, १९७९ मध्ये, अमेरिकेतच 'बनिक्युला' हे पुस्तक आलं होतं. डेबोरा आणि जेम्स हाऊ या नवरा-बायकोने ते मिळून लिहिलं. नाव बनी आणि ड्रॅक्युला यांना जोडून झालेलं. रात्री टीव्हीवर लागणारे जुने व्हॅम्पायरपट पाहता पाहता ही कल्पना सुचली. पुस्तक बाजारात आलेलं डेबोरा यांना पाहता आलं नाही. १९७८ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं.

यातली गोष्ट सांगणारा कुत्रा हॅरोल्ड. तो स्वतः लिहून हस्तलिखित संपादकाकडे घेऊन जातो, अशी बतावणी सुरुवातीलाच आहे. मन्रो कुटुंब 'ड्रॅक्युला' सिनेमा पाहायला जातं, तिथे त्यांना एक सशाचं पिल्लू सापडतं आणि ते घरी आणतात. मग स्वयंपाकघरातल्या भाज्या पांढऱ्या पडू लागतात. टोमॅटो पांढरा. झुकिनी पांढरी. रस शोषून घेतलेला आणि सालीवर दोन छिद्रं.

घरातलं मांजर चेस्टर भरपूर वाचणारं आहे आणि वाचलेलं सगळं त्याच्या डोक्यात गेलंय. ते जाहीर करतं की ससा व्हॅम्पायर आहे. ते गळ्यात लसूण घालून फिरतं. व्हॅम्पायरच्या छातीत टोकदार खुंटा ठोकायचा असतो, असं त्याने वाचलेलं असतं. इंग्रजीत या खुंट्याला म्हणतात 'स्टेक'. जेवणातल्या मांसाच्या तुकड्यालाही म्हणतात 'स्टेक'. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. त्यामुळे चेस्टर टेबलावरचा मांसाचा तुकडा पळवतं आणि झोपलेल्या सशाच्या छातीवर ठेवून तो आत ठोकायच्या मागे लागतं.

इथपर्यंत पोरं गडाबडा लोळून हसतात. त्यानंतर पुस्तक वळण घेतं. खुंट्याने काम झालं नाही म्हणून चेस्टर सशाला भाज्यांपर्यंत पोहोचूच देत नाही. रात्रभर पहारा. ससा अशक्त होत जातो. घरातल्या माणसांना पत्ता नाही. हे फक्त हॅरोल्डला दिसतं, आणि हॅरोल्ड काही धाडसी नाही. त्याचा जीव खाण्यात. घरातला धाकटा मुलगा रात्री वाचत बसतो आणि आपल्या खाऊतलं त्यालाही देतो, म्हणून तो मुलगा त्याचा लाडका. (त्या खाऊत क्रीम भरलेले चॉकलेटचे केक असतात. खऱ्या कुत्र्याला चॉकलेट विषासारखं असतं. हॅरोल्डचं बघून कुणी द्यायला जाऊ नका.) चेस्टर तर त्याचा जुना दोस्त. म्हणजे प्रश्न असा आहे की नुसत्या संशयावरून आपला मित्र एका जिवाला उपाशी मारतोय, तर काय करायचं?

हॅरोल्ड सशाला उचलून सॅलडच्या भांड्याकडे घेऊन जातो.

ससा खरंच व्हॅम्पायर आहे का, याचं उत्तर पुस्तक सरळ देत नाही. हॅरोल्डलाही ते ठरवायची गरज वाटत नाही. ससा असो की व्हॅम्पायर, त्याला भूक लागली आहे, एवढं त्याला पुरतं. माणूस निवेदक असता तर त्याने आधी पुरावा तपासला असता. भुकेच्या बाबतीत कुत्र्याचा अनुभव दांडगा आहे.

आधी प्राणी रडायचे

प्राण्याने स्वतःची गोष्ट सांगायची पद्धत याहून बरीच जुनी आहे. स्पेनच्या सर्व्हांतेसने १६१३ मध्ये छापलेल्या एका कथेत दोन कुत्रे रात्रभर गप्पा मारतात. लहान मुलांच्या हातात हा प्रकार पडला तो मुख्यतः ॲना स्युएलच्या 'ब्लॅक ब्यूटी'मुळे. १८७७ चं हे पुस्तक म्हणजे एका घोड्याचं आत्मवृत्त.

त्याच वाटेवर कॅनडाच्या मार्गारेट मार्शल सॉन्डर्स यांनी १८९३ मध्ये 'ब्यूटिफुल जो' लिहिलं. ओंटारियोतल्या मीफोर्ड गावात एक खरा कुत्रा होता. त्याच्या मालकाने त्याचे कान आणि शेपूट कापून टाकलं होतं आणि दुसऱ्या एका कुटुंबाने त्याला वाचवलं. सॉन्डर्स यांनी ती हकिकत कुत्र्याच्या तोंडून सांगितली. प्राण्यांना दया दाखवा अशा विषयावरच्या अमेरिकन स्पर्धेसाठी लिहायचं होतं, म्हणून गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यात नेली, आणि बाईने लिहिलंय हे कळू नये म्हणून पहिलं नाव गाळून फक्त मार्शल सॉन्डर्स ठेवलं. पुस्तक तुफान खपलं.

आपल्या निबंधातला रडका कुत्रा याच घराण्यातला म्हणायला हवा. त्या काळी त्याची गरजही होती, कारण जनावराला दुखतं हेच आधी पटवून द्यायचं होतं. हॅरोल्ड आणि हँक यांच्यापर्यंत येता येता कुत्र्याला दया नको झाली. त्याला काम हवं होतं.

नाकाने वाचलेला पुरावा

गुप्तहेर म्हणून कुत्र्याकडे एक गोष्ट आहे जी होम्सकडेही नाही. नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २० ते ३० कोटींपर्यंत. आपल्यासाठी खोली रिकामी असते. कुत्र्यासाठी तिथे दुपारी कोण बसलं होतं, काय खात होतं आणि घाबरलेलं होतं का, हे सगळं अजून हजर असतं. वास जुना होत जातो तसा फिका पडतो, म्हणजे किती वेळ झाला याचाही अंदाज त्यातून येतो. उलट रंगांच्या बाबतीत तो आपल्या मागे. त्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. तेव्हा कुत्र्याने सांगितलेल्या गोष्टीत लालभडक रक्ताचा डाग आला की लेखकाने गृहपाठ केलेला नाही असं खुशाल समजावं.

हा गृहपाठ मन लावून केलेला लेखक म्हणजे स्पेन्सर क्विन. हे टोपणनाव आहे. खरं नाव पीटर अब्राहम्स, आणि मोठ्यांसाठी थरारकथा लिहिणारे म्हणून ते आधीपासून नावाजलेले. २००९ मध्ये त्यांनी 'डॉग ऑन इट' लिहिलं. त्यात बर्नी नावाच्या खासगी गुप्तहेराची गोष्ट त्याचा कुत्रा चेट सांगतो. चेट पोलिसांच्या श्वान प्रशिक्षणात नापास झालेला, आणि त्या प्रकरणात कुठेतरी एक मांजर होतं, यापलीकडे तो तपशील देत नाही. ही मालिका मोठ्यांची. मुलांसाठी त्यांनी २०१५ मध्ये 'वूफ' लिहिलं. लुईझियानाच्या दलदलीतलं गाव, बर्डी नावाची अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा बाउझर. बर्डीच्या आजीचं मासेमारीच्या आमिषाचं दुकान असतं आणि तिथे भिंतीवर लावलेला, पेंढा भरलेला एक भलामोठा मासा चोरीला जातो. भुशाने भरलेला जुना मासा कुणी का चोरेल, इथून गोष्ट सुरू होते.

बाउझर हँकसारखा बोलबच्चन नाही, आणि इथले प्राणी आपापसात गप्पाही मारत नाहीत. बाउझर खराखुरा कुत्रा आहे. कुणी आत आलं की त्याला वास येतो, तो ओळखतो, पण ते बर्डीला सांगणार कसं? शिवाय त्याचं लक्ष टिकत नाही. महत्त्वाचं बोलणं चालू असताना त्याला जमिनीवर पडलेला तुकडा दिसतो आणि वाक्य अर्ध्यावर सुटतं. वाचणारा इथे अक्षरशः तडफडतो. पुरावा निवेदकाच्या नाकासमोर आहे, आपल्याला कळलाय, आणि तो चालला चिप्स खायला.

डोरी हिलस्टॅड बटलर यांची 'द बडी फाइल्स' ही मालिका याहून लहान मुलांसाठी, नुकतंच स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्यांसाठी आहे. वाक्यं छोटी, भाषा सोपी. पहिलं पुस्तक 'द केस ऑफ द लॉस्ट बॉय' २०१० मध्ये आलं आणि २०११ मध्ये त्याला एडगर पुरस्कार मिळाला. रहस्यकथांच्या जगात हा फार मानाचा पुरस्कार आहे, एडगर ॲलन पो यांच्या नावाचा.

त्यातला कुत्रा आधी किंग होता. त्याचं एक घर होतं, एक मुलगी होती. एक दिवस ती माणसं दिसेनाशी झाली आणि तो बेवारस कुत्र्यांच्या कोंडवाड्यात आला. तिथून एक बाई आणि तिचा मुलगा कॉनर त्याला घेऊन जातात आणि नाव ठेवतात बडी. मग कॉनरच हरवतो. वरवर पाहिलं तर शोध कॉनरचा आहे. पण त्याच्याखाली दुसरा प्रश्न सतत धुमसत असतो : माझी माणसं कुठे गेली? त्यांनी मला टाकलं का? बडी मात्र रडत बसत नाही. तो माहीत असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींच्या याद्या करतो, खरा गुप्तहेर करेल तशा. नव्या घरात मजा येतेय आणि जुनं घर विसरायचं नाहीये, या दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्याला वाटतात. आईबाबांच्या बदलीमुळे शाळा सोडलेल्या मुलाला हे पुस्तक वाचायला द्या आणि काही विचारू नका.

हँकमध्ये खटकणारं काही?

आहे. हँकच्या गोष्टींतले कोयोटी तुटक, क्रियापदं मोडलेल्या इंग्रजीत बोलतात, त्यांचा सरदार असतो, लांबलचक नावं असतात. जुन्या हॉलिवूडच्या काउबॉयपटांत मूळनिवासी अमेरिकनांना जसं बोलायला लावायचे, तीच ही धाटणी. एरिक्सन तो विनोद सिनेमावर करत असतील, पण आजच्या वाचकाला तो सिनेमाच आठवत नसेल तर उरते ती फक्त थट्टा. शिवाय इतकी पुस्तकं म्हटल्यावर साचा आला. हँकची बढाई, ड्रोव्हरचा पाय, पीटचं उचकवणं, प्रत्येक पुस्तकात एखादं गाणं. मोठ्यांना तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात कंटाळा येतो. मुलांना तोच साचा हवा असतो, कारण ड्रोव्हरचा पाय आता दुखणार हे त्यांना हँकच्या आधी माहीत असतं.

वाचनाचा कंटाळा असलेली मुलं हँकला चिकटली त्यात आवाजाचाही वाटा मोठा. एरिक्सन यांनी ही पुस्तकं स्वतः ध्वनिमुद्रित केली, प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढून, गाण्यांसह. लांबच्या प्रवासात गाडीमध्ये कॅसेट लावून हँक ऐकणं हा अमेरिकेतल्या एका पिढीचा उद्योग होता. २०२० मध्ये पॉडकास्ट आला, दिग्दर्शक जेफ निकोल्स आणि हँकचा आवाज मॅथ्यू मॅकॉनहे. म्हणजे टेक्सासचाच हेल. चित्रं मात्र सुरुवातीपासून जेराल्ड होम्स यांची. हँकचं तिरकं नाक आणि ड्रोव्हरचा बावळट चेहरा मुलांच्या डोळ्यांसमोर आहे तो त्यांच्यामुळे. ते २०१९ मध्ये गेले.

आग लागली तेव्हा

हँकच्या जगात संकटं बहुधा हँकनेच तयार केलेली असतात. राक्षस म्हणून ज्याच्यावर भुंकावं तो वाऱ्याने हलणारा पत्रा निघतो. मार्च २०१७ मध्ये पॅनहँडलमध्ये खरं संकट आलं. हिवाळ्यात वाळलेलं गुडघाभर गवत, कोरडी हवा आणि सोसाट्याचा वारा. पेरीटनच्या बाजूला पेटलेल्या वणव्याने ३ लाखांहून जास्त एकर जाळलं. कुंपणं गेली, गुरं गेली. एरिक्सन यांच्या राँचवरचं राहतं घर आणि लिहायचं ऑफिस, दोन्ही जळून खाक झालं. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.

त्यानंतर त्यांनी वणव्यावर दोन पुस्तकं लिहिली. एक मोठ्यांसाठी, 'बॅड स्मोक, गुड स्मोक', टेक्सास टेक युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं. वणवा पसरतो कसा, माळरानाला आगीची गरज का असते आणि गवत वाढू दिलं की तीच आग हाताबाहेर कशी जाते, हे त्यात आहे. दुसरं मुलांसाठी, 'द केस ऑफ द मॉन्स्टर फायर'. ते लिहायला त्यांनी हँकलाच बसवलं.

मॉन्स्टर हा शब्द हँकने त्याआधी कितीतरी वेळा वापरला होता. टपालाच्या गाडीपासून अंधारातल्या सावलीपर्यंत जे दिसेल ते त्याच्यासाठी राक्षसच होतं, आणि दर वेळी मुलं त्याला हसली होती. या पुस्तकात राक्षस खरा आहे.